पिकलेलं कुठलं

“त्या झाडाला हात लावू नको,” आबा म्हणाले.

मी हात मागे घेतला. अजून नीट उजाडलंही नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर राखेच्या रंगाची एक रेघ उमटली होती, तेवढाच काय तो उजेड. माझ्या कमरेला पाटी, अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा जुना सदरा आणि हातांना खोबरेल तेल. अंजिराचा चीक कातडीला लागला की आधी खाज सुटते, मग फोड येतात.

“मग कुठल्या झाडाला लावू?” मी विचारलं.

“तुला बोलावलं कोणी होतं?”

“काल तुम्हीच म्हणालात, पहाटे ये म्हणून.”

“म्या न्हाई म्हणलो. अंकुश म्हणला. मागल्या ओळींत जा. आन् देठाला धरून तोड. काल निम्म्या फळांची कातडी सोलली होतीस.”

सोलली नव्हती. पण मी गेले. जाताना त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाले, “पोरीला शिकवायचं नाही आणि चुका मात्र मोजायच्या.” त्यांनी पुढच्या झाडाच्या खोडावर हात ठेवला. प्रत्येक झाडाशी गेले की आधी खोडावर हात ठेवायचा, अशी त्यांची सवय होती. मला वाटायचं, नमस्कारच करतात. झाडाला नमस्कार करतो आणि घरच्या सुनेला जनावरासारखं हाकतो, असा हा माणूस.

ही पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सासवडच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती, तीन खोल्यांचं घर आणि अंजिराची चौसष्ट झाडं. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. अंकुश हडपसरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, साडेचारची एसटी धरायचा. सासूबाई दोन वर्षांपूर्वी वारलेल्या. म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत त्या बागेत आणि त्या घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. गेनबा त्यांचं नाव. सगळे आबा म्हणायचे.

आबांनी अंकुशसाठी मुलगी ठरवून ठेवली होती. गुऱ्होळीच्या त्यांच्या एका दोस्ताची. पानसुपारी झाली नव्हती, पण शब्द दिला होता. अंकुशनं ऐकलं नाही. कारखान्यातल्या मित्राच्या लग्नात त्यानं मला पाहिलं आणि हट्ट धरला. आबांचा दोस्त त्यानंतर कधी आमच्या दारात आला नाही. मी त्या घरात पाऊल टाकलं ते आबांच्या मोडलेल्या शब्दावरच. माझं नाव हेमलता. आबांनी ते कधी उच्चारलं नाही. माझे वडील भोरच्या पोस्टात होते, म्हणून मी भोरकरीण. “ए भोरकरणी, पाणी काढ.” लोकांना सांगायचे, “पोस्टातल्या माणसाची लेक. तिला झाड न् तारंचा खांब सारखाच.”

मीही काही गरीब गाय नव्हते. त्यांच्या एका बोलण्याला माझी दोन उत्तरं असायची. दोनदा तर मी आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या भावकीसमोर म्हणाले, “आमच्या घरात मिठाचा तोटा न्हाई, बाई शिकल्याली हाय.” अशी आमची लढाई चालली होती आणि दोघंही थकत नव्हतो.

चैत्र लागला तसा माल जोरात सुरू झाला. अंजीर एक दिवस थांबत नाही. आज पिकलं आणि आज तोडलं नाही, तर उद्या ते उकलतं, त्यावर गांधीलमाश्या बसतात, साळुंक्या चोची मारतात. आणि कच्चं तोडलं तर ते कधीच पिकत नाही. आंब्यासारखं आढी लावून चालत नाही. म्हणून रोज पहाटे सगळी झाडं फिरायची, रंग चढलेलं आणि मानेत वाकलेलं तेवढंच फळ घ्यायचं, पाटीत पानं अंथरून एकाशेजारी एक मांडायचं. सातला रस्त्यावर मुरलीधरच्या टेंपोचा हॉर्न वाजायचा. त्याच्या आत पाट्या रस्त्याला लागल्या पाहिजेत.

एका सोमवारी मुरलीधर टेंपोतून खाली उतरला आणि त्यानं एक पाटी परत आणून ठेवली.

“आबा, माल परत आलाय. गाळेवाला म्हणला, कच्चा हाय. हिरवा दगुड.”

आबांनी पाटीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “हिचं काम.”

मी घाबरले. मला खरंच वाटलं, माझंच चुकलं असेल. मंगळवारी मी एकेक फळ तीनदा पाहून तोडलं. बुधवारी दोन पाट्या परत आल्या. आबा म्हणाले, “म्या सांगतोय कधीचं.” गुरुवार अंकुशच्या सुट्टीचा. त्या सकाळी तो माझ्याबरोबर बागेत आला, आम्ही तिघांनी तोडलं, पाट्या अंकुशनं लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी काहीच परत आलं नाही. अंकुश म्हणाला, “बघ, लक्ष दिलंस की जमतं.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या सोमवारी परत आलेली पाटी मी उचलून घरात नेली आणि रिकामी केली. तळाची पानं खरखरीत बाजू वर करून लावलेली होती. मी पानं लावताना गुळगुळीत बाजू वर करायचे, फळाला ओरखडा नको म्हणून. ही पाटी माझी नव्हतीच. आबांची होती.

माझी खात्री झाली, हा म्हातारा मला घालवण्यासाठी स्वतःच्या बागेतलं कच्चं फळ तोडतोय. स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडांचं नुकसान करतोय, पण मला घालवतोय. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या ओळींत गेलेच नाही. चपला काढल्या आणि आबांच्या मागे चार झाडं सोडून चालू लागले. ते खोडावर हात ठेवायचे, मग हात फांदीवर सरकवत न्यायचे, फळापाशी आले की अंगठ्यानं दाबून बघायचे. अंगठा काय सांगणार होता? चाळीस वर्षं चीक खाऊन त्यांच्या बोटांची कातडी पायाच्या टाचेसारखी झाली होती. एका फांदीला, त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर, जांभळं झालेलं, पोट उकललेलं अंजीर लोंबत होतं. ते सोडून त्यांनी त्याच्या शेजारचं हिरवं तोडलं आणि अंडं ठेवावं तसं अलगद पाटीत ठेवलं.

तोवर चांगलं उजाडलं होतं. मी वळसा घालून पुढे गेले आणि त्यांच्या वाटेत उभी राहिले. दोन हातांच्या अंतरावर. श्वास रोखला. ते खोड सोडून पुढच्या झाडाकडे निघाले, अगदी माझ्या तोंडासमोर आले, आणि त्यांचे डोळे माझ्यावरून असे गेले, जणू तिथे नुसता वाराच आहे. बुबुळांवर दुधासारखी साय होती. इतके दिवस मी ती कशी पाहिली नव्हती? मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी बाजूला झाले. ते पुढच्या खोडावर हात ठेवून थांबले.

मला दया आली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आनंद झाला.

दुपारी अंकुश कामावरून आला की मी त्याला सांगणार होते. त्याच्यासाठी चहा ठेवला, तोंडापर्यंत शब्द आले, आणि मी गप्प बसले. त्याला सांगितलं असतं तर त्यानं आबांना एकीकडे घेऊन समजावलं असतं, आणि सगळं चार भिंतींत मिटलं असतं. माझा अपमान चार भिंतींत झाला नव्हता. तो रस्त्यावर, टेंपोवाल्यासमोर, भावकीसमोर झाला होता. मी ठरवलं, थांबायचं.

फार थांबावं लागलं नाही. गुरुवार आला. आदल्या दिवशीचा माल पुन्हा परत आला होता, तीन पाट्या. सकाळी सातच्या सुमाराला मुरलीधर त्या अंगणात ठेवत होता तेवढ्यात तात्या आले. आबांचे धाकटे भाऊ, नाव बबन. आमच्या बागेला लागून त्यांची बाग. मधे बांध नव्हता, नुसती झाडांची ओळ. अंकुश ओट्यावर बसून दाढी करत होता.

तात्यांनी पाटीतलं एक फळ उचललं आणि दाबून पाहिलं. “दादा, आठवड्यात कितव्यांदा? साऱ्या बाजारात बोंब झालीय. तुला बाग जमत नसंल तर माझ्या हवाली कर. वाटा देईन की.”

“बागंला काय झालंय?” आबा ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. “बागंला काही झालं न्हाई. ह्या बाईला कच्चं-पिकलं कळत न्हाई, ते झालंय.”

“मग बाईला आवर.”

“आवरतोच. अंकुश, हिला आजच्या आज भोरला सोडून ये. उद्यापास्नं म्या ठाकरवाडीची बाई लावतो तोडायला. हंगाम सरला की बघू, आणायची का न्हाई ते.”

मी अंकुशकडे पाहिलं. त्याच्या अर्ध्या गालावर साबण होता. तो हातातल्या आरशाकडे बघत राहिला.

“अंकुश,” मी म्हणाले.

त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला.

मी स्वयंपाकघरात गेले. टोपलीत एक कांदा होता. गावठी, तांबूस, मुठीत मावेल एवढा. तो मी आदल्या दिवशीच निवडून वेगळा ठेवला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी तो उजव्या हातात घेतला. डाव्या हातात त्या सकाळी तोडलेलं एक पिकलेलं अंजीर घेतलं. बाहेर आले आणि सूर्य माझ्या पाठीमागे राहील अशी आबांसमोर उभी राहिले. उन्हाची तिरीप सरळ त्यांच्या डोळ्यांवर.

“जाते मी भोरला,” मी म्हणाले. “जायच्या आधी मला शिकवा तरी. माझ्या दोन हातांत दोन आहेत. यातलं पिकलेलं कुठलं, तेवढं सांगा. हात न लावता.”

“हेमा, आत जा,” अंकुश म्हणाला. तो उठून उभा राहिला होता.

“का? विचारलंच तर आहे. आबांना सगळं कळतं.”

आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उन्हानं येत होतं. त्यांनी मान जरा तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. ओठ हलले. तात्यांनी हातातलं फळ पाटीत टाकलं आणि ते जवळ आले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग आबांकडे.

“सांग की, दादा,” तात्या हळूच म्हणाले.

आबा म्हणाले, “उजव्या हातातलं.”

मुरलीधरच्या तोंडून फुस्सकन हसू सुटलं. त्यानं तोंडावर हात ठेवला. पण तात्यांनी ठेवला नाही. ते पोट धरून हसले. “दादा, कांदा हाय त्यो. कांदा. भाकरीसंगं खातात त्यो.”

कुणी हसेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. मला वाटलं होतं, सगळे गप्प होतील, आबांची मान खाली जाईल, आणि अंकुशला कळेल. ते हसू अंगणात कितीतरी वेळ चाललं होतं. आबांनी मागे हात नेला, दार चाचपलं, चौकट सापडली आणि ते आत गेले. एरवी ते घरात ताठ चालायचे. पावलं मोजून चालायचे, हे मला तेव्हा समजलं. त्या दिवशी त्यांनी भिंतीला हात लावत खोली गाठली.

तात्या जाताना अंकुशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आरं, सांगायचं न्हाई का आम्हाला? आम्ही काय परकं हाय का?” त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. ते आमच्या बागेकडे बघत होते.

सगळे गेल्यावर अंकुशनं तोंड धुतलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो काहीतरी बोलेल, माझी माफी मागेल, असं मला वाटत होतं.

“तू हे करायला नको होतंस,” तो म्हणाला.

“तुझे वडील आंधळे झालेत. तुला दिसत नाही?”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“मागच्या साली सासवडला डोळ्यांचं शिबिर होतं. मीच घेऊन गेलो होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. ते नाही म्हणाले. त्यांच्या मामांचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. वर मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तात्यांना तर नाहीच नाही.”

“आणि मला?”

त्यानं टॉवेल उचलून तोंड पुसलं.

“पाट्या परत येत होत्या. मला चोरासारखं उभं केलं होतं. तुला ठाऊक होतं त्या कुणाच्या ते.”

“वाटलं, हंगाम कसातरी निघेल. तू तशीही त्यांचं बोलणं मनावर घेत नाहीस.”

आबांवर मी चिडले होते, पण त्या क्षणी नवऱ्याबद्दल माझ्या मनात जे आलं ते चिडण्याच्या पलीकडचं होतं. पुढे आमचा संसार झाला, दोन मुलं झाली, सगळं झालं. पण त्या वाक्यापाशी काहीतरी तुटलं ते तुटलंच. मी पिशवी भरली. भोरची एसटी अकराला होती. मी अकराची सोडली आणि दोनचीही सोडली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. कदाचित हरल्यासारखं जायचं नव्हतं, आणि जिंकल्यासारखं तर मुळीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंकुश नेहमीसारखा साडेचारला गेला. आबांच्या खोलीचं दार बंद होतं. मी एकटीच पाटी घेऊन बागेत शिरले तर शेवटच्या ओळीत बायकांचं बोलणं ऐकू आलं. तात्या दोन बायका घेऊन आमची झाडं तोडत होते.

“तात्या, ही ओळ आमची आहे,” मी म्हणाले.

“कुणी सांगितलं?” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “ही वळ माझ्या हद्दीतली. दादाचा मान म्हणून आजवर तोडू दिली. आता त्याला दिसतच न्हाई म्हणल्यावर वाया कशाला घालवायची?”

“पाटी खाली ठेवा.”

“तू कोण गं? तीन महिन्यांची सून. तुला काय ठाऊक हद्द?”

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या पाटीची कड धरली. त्यांनी हिसका दिला, मी दोन्ही हातांनी धरली. फळं खाली सांडली. त्या बायका बाजूला झाल्या. तात्यांचा हात वर गेला होता, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

“बबन.”

आबा येत होते. उघडे, नुसत्या धोतरावर. एका खोडावर हात, मग चार पावलं, मग पुढच्या खोडावर हात. तोंडानं मोजत होते. ते मधल्या वाटेनं शेवटच्या ओळीपर्यंत आले, ओळ धरून डावीकडे वळले, टोकाच्या झाडाशी थांबले, त्याला पाठ लावून उभे राहिले आणि तिथून सरळ तात्यांच्या बाजूला पावलं टाकू लागले. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला थांबले आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

“भोरकरणी,” ते म्हणाले, “कुदळ आण.”

मी आणली.

“खण हितं.”

“आबा, किती?”

“लागंपोत्तर.”

मी खणलं. जमीन तापून कडक झाली होती. गुडघाभर गेल्यावर कुदळ खणकन वाजली. मी माती हातांनी काढली. घडवलेला चौकोनी दगड होता, आणि त्याच्या बुडाशी काळा कोळसा.

“बापानं वाटणीचा दगुड पुरला तवा तू पाळण्यात हुतास,” आबा तात्यांना म्हणाले. “म्या कोळसा टाकला हुता, खूण म्हणून. मोजणीवाला आण, तलाठी आण, कुणालाबी आण. माझी हद्द झाडाच्या पल्याड चार पावलं. तुझी माणसं काढ.”

तात्यांनी दगडाकडे पाहिलं. मग आपली पाटी उचलली. “आंधळ्या,” ते म्हणाले, “किती दिस राखशील?” सांडलेली फळं तुडवत ते आपल्या बागेत गेले. त्या बायका त्यांच्या मागे गेल्या.

मी खाली बसून फळं वेचायला लागले. आबा तिथेच उभे होते.

“हे तुझ्यामुळं झालं,” ते म्हणाले.

“तुम्ही माझ्यावर आळ घेतला.”

“घेतला.”

“सगळ्यांसमोर. दोन आठवडे.”

“घेतला म्हणतोय की. तुझ्यावर आळ आला तर तू बापाकडं गेली असतीस. तुला बाप हाय. म्या ही बाग सोडून कुठं जाणार हुतो? बबनला एक डाव कळलं, की म्हातारा आंधळा झालाय, मग ते परत कसं झाकायचं?”

मी फळं पाटीत टाकत राहिले.

“दार लावून मला एकट्याला तोंडावर बोलली असतीस,” ते म्हणाले. “म्या शिव्या घातल्या असत्या. पर ऐकलं असतं.”

“तुम्ही ऐकलं नसतं.”

त्यांनी जरा विचार केला. “न्हाई,” ते म्हणाले. “नसतं ऐकलं.”

मग ते आले तसे खोडं धरत धरत घरी गेले.

तो हंगाम मी एकटीनं काढला. चौसष्ट झाडं. आबा ओळीच्या टोकाला बसायचे आणि माझ्या कामात कानानं चुका काढायचे. “फांदी मोडलीस.” “पाटी आपटलीस.” “त्या झाडाची शेंड्याची फळं राहिली, साळुंकी ओरडतीय तिथं.” मी म्हणायचे, “मग या आणि तोडा.” एवढंच आमचं बोलणं. माल मात्र पुन्हा परत आला नाही. तात्यांनी मोजणी मागवली, हरले, आणि जन्माचे वैरी झाले. त्यांच्या घरातली माणसं अजून आमच्याकडे लग्नाकार्याला येत नाहीत.

लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून असेल, पण दिवाळीनंतर आबा स्वतःच अंकुशला म्हणाले, “ने मला.” पुण्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं चष्मा मिळाला. तो आणायला अंकुश गेला होता. संध्याकाळी चारच्या सुमाराला परत आला तेव्हा आबा अंगणात बसले होते आणि मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. पदर कमरेला खोचलेला. एरवी आबांसमोर मी डोक्यावरून पदर घेत असे, लग्नाच्या दिवसापासून, नाकापर्यंत ओढून. नंतर नंतर त्यांना दिसत नाही म्हणून घेणं सोडलं होतं, आणि चष्मा आला म्हणजे आता त्यांना दिसणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

अंकुशनं चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. जाडजूड भिंगं, त्यामागे त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. आबांनी आधी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले. उलटे केले, सुलटे केले. मग अंकुशकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुझे केस गेले की रे.” मग घराची भिंत पाहिली, बागेकडे पाहिलं. बराच वेळ बागेकडे पाहत होते.

मग त्यांनी मान वळवली आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला पदराची आठवण झाली, पण हात हलला नाही. ते बघत होते, डोक्यापासून पायापर्यंत, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडत चालली होती. एकदम माझ्या ध्यानात आलं, की मी या घरात आले तेव्हाच त्यांचे डोळे गेलेले होते. वर्ष होत आलं, एका छपराखाली आम्ही एकमेकांना ओरबाडत होतो, आणि या माणसानं माझं तोंड आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

मी वाट पाहत होते. काय बोलतील याची तयारी करून बसले होते. उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

“काय वय गं तुझं?” त्यांनी विचारलं.

“एकविसावं चालू आहे.”

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं भिंगं पुसली, पुन्हा लावला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“मला वाटलं हुतं,” आबा म्हणाले, “मोठी बाई असशील.”